प्रपोजलमध्ये जनरेटर नाही

प्रश्न: सांगलीत आमचा सोलर बसवण्याचा छोटा व्यवसाय आहे. मी इलेक्ट्रिकलचा डिप्लोमा केलाय, साइट मी बघते. गिऱ्हाईक आणि कोटेशन माझे दीर बघतात. आजवर बंगल्यांवरची 3 ते 10 किलोवॉटची कामं केली. आता तासगावजवळ एका बेदाण्याच्या कोल्ड स्टोरेजवर 100 किलोवॉटचं काम मिळालंय. 42 लाखांचं, जीएसटी वेगळा. आमच्यापेक्षा कितीतरी मोठ्या चार कंपन्या स्पर्धेत होत्या. घरी पेढे वाटले. 15 जानेवारीला ऑर्डर हातात आली आणि मग मी प्रपोजल पहिल्यांदा नीट वाचलं. भावजींनी लिहिलंय: 60 दिवसांत काम पूर्ण, वर्षाला 1,60,000 युनिट, पाच वर्षं सफाई मोफत. साइटवर आम्ही एकदाच गेलो, तेही मालकांच्या ऑफिसात चहा घेऊन परत आलो. छताचं माप उपग्रहाच्या फोटोवरून काढलंय. निघताना मालक म्हणाले, ‘चला, आता लाईट गेली तरी डिझेल जाळायला नको.’ भावजी नुसते हसले. मी विषय काढला की म्हणतात, ‘वहिनी, आधी ॲडव्हान्स घेऊ, पुढचं पुढं.’ सोमवारी चेक घ्यायला बोलावलंय. हे काम नीट पार कसं पाडायचं? रात्री झोप लागत नाही.
– एक वाचक, सांगली

ताई,

मालकांच्या त्या डिझेलच्या वाक्यावर मी थांबलो. तुम्ही ते पत्रात आवर्जून लिहिलंत, म्हणजे तेच तुम्हालाही टोचतंय. तिथूनच सुरुवात करू.

तुमच्या प्रपोजलमधला इन्व्हर्टर ग्रिडला, म्हणजे महावितरणच्या लाईनला, जोडलेला आहे. महावितरणची लाईट गेली की तो आपोआप बंद होतो, आणि तो तसा व्हायलाच हवा, नाहीतर खांबावर चढलेल्या लाइनमनच्या जिवाशी खेळ होईल. हे तुम्हाला पाठ आहे. मालकांना ते कोणी सांगितलेलं नाही. त्यांच्या मनात चित्र असं आहे, की एप्रिलच्या दुपारी लाईट जाईल, वर ऊन तळपत असेल आणि कॉम्प्रेसर सोलरवर चालत राहील. त्या दिवशी इन्व्हर्टर बंद पडलेला दिसला की ते प्रपोजलचं कलम शोधत बसणार नाहीत. ‘मला फसवलं’ एवढंच म्हणतील, आणि तासगावच्या बाजारात ते वाक्य आठवडाभरात फिरलेलं असेल.

पुढचा प्रश्न याहून गंभीर आहे. कोल्ड स्टोरेज म्हटलं की जनरेटर आलाच. लाईट गेली, जनरेटर सुरू झाला, की इन्व्हर्टरला वाटतं ग्रिड परत आली आणि सोलर त्याच्याशी जोडला जातो. दुपारी सोलरने बहुतेक भार उचलला तर जनरेटरवर काहीच भार उरत नाही, आणि सोलर जास्त झालं तर वीज उलटी जनरेटरच्या अल्टरनेटरमध्ये, म्हणजे वीज तयार करणाऱ्या भागात, शिरते. त्याने मशिन खराब होतं. यावर दोन उपाय आहेत. एक इंटरलॉक: जनरेटर चालू असेपर्यंत सोलर जोडलंच जाणार नाही. दुसरा डीजी (डिझेल जनरेटर) कंट्रोलर: तो जनरेटरवरचा भार मोजतो, साधारण 30 टक्के भार जनरेटरवर कायम राहील इतपत इन्व्हर्टरला आवरतो, आणि बाकीचा भार सोलरवर टाकतो. डिझेल वाचतं ते या दुसऱ्या उपायात, आणि तेही दिवसाच. बंगल्यांच्या कामात हा विषय कधी येत नाही, म्हणून भावजींच्या डोक्यात आला नाही. त्यात त्यांचा दोष मी धरणार नाही.

माझं मत विचाराल तर इंटरलॉक तुमच्या खर्चाने करा. ती सुरक्षिततेची गोष्ट आहे आणि ती नसताना प्लांट चालू करायचा तुम्हाला अधिकार नाही, असंच समजा. कंट्रोलर हवा असेल तर त्याचे पैसे मालकांनी द्यावेत. तुम्ही तो खरेदीच्या भावात, वर नफा न लावता द्या आणि खरेदीचं बिल दाखवा. आणि हे सोमवारी सांगा, चेक हातात घेण्याआधी.

का सोमवारी, तेही सांगतो. बऱ्याच वर्षांपूर्वी एका सूतगिरणीत पॅनेल आणि केबलचं काम आम्हाला मिळालं होतं. प्रपोजलमध्ये मी लिहिलं होतं, ‘केबल सध्याच्या चरीतून टाकली जाईल.’ पहिल्याच दिवशी झाकणं उघडली तर चर जुन्या केबलींनी आणि पाण्याने भरलेली. नवीन चर खणावी लागणार, हे मला त्याच तासाला कळलं. पण नुकतं काम मिळालेलं, मालक खुशीत. तोंड उघडायची हिंमत झाली नाही. म्हटलं, थोडं काम उभं राहू दे, मग सांगू. तीन आठवड्यांनी सांगितलं. मालकांनी खर्चाचा आकडाही विचारला नाही. एकच प्रश्न विचारला: ‘तुम्हाला हे कळलं कधी?’ मला उत्तर देता आलं नाही. चर आमच्या खर्चाने खणली, काम वेळेत झालं, बिल मिळालं. पण त्या गिरणीने मला पुन्हा कधी बोलावलं नाही. पहिल्या दिवशी सांगितलं असतं तर अर्धा खर्च त्यांनीच उचलला असता, याची मला आजही खात्री आहे.

गिऱ्हाईक अडचण सहन करतं. आपल्यापासून ती लपवून ठेवली होती, हे त्याला सहन होत नाही.

आता या रविवारचं काम. प्रपोजल छापून घ्या, भावजींना आणि तुमच्या सगळ्यात जुन्या वायरमनला शेजारी बसवा, आणि वाक्यावाक्याने मोठ्याने वाचा. जिथे आकडा, तारीख, ‘मोफत’, ‘संपूर्ण’ किंवा ‘सर्व’ असे शब्द येतील तिथे थांबा. हे कोण करणार, कोणाच्या पैशाने, आणि हे लिहिताना आपण काय गृहीत धरलं होतं, हे समोरासमोर बोला. वायरमनला मुद्दाम बसवा, कारण ‘पाणी कुठून आणायचं?’ असला प्रश्न त्यालाच सुचतो. काम मिळवण्यासाठी लिहिलेला कागद काम करणाऱ्याच्या नजरेतून एकदाही वाचला जात नाही. हाती आलेली बहुतेक चांगली कामं इथेच बिघडतात.

पाण्याचा प्रश्न मी उगाच काढला नाही. पाच वर्षं मोफत सफाई म्हणजे महिन्यातून दोनदा धरली तरी 120 फेऱ्या. दोन माणसं, एक दिवस, प्रत्येकी 700 रुपये मजुरी धरली तर 1,68,000 रुपये होतात, त्यात गाडीभाडं नाही. ही रक्कम तुमच्या कोटेशनमध्ये कुठे धरलेली दिसते का? शब्द दिलाय तो पाळा, मागे घेऊ नका. पण पावसाळ्याच्या महिन्यांत फेऱ्या कमी लागतात हे वेळापत्रकात मांडा, छतापर्यंत पाण्याची लाइन आणि पक्की शिडी मालकांनी द्यायची हे लिहून घ्या, आणि शक्य झालं तर त्यांचाच एखादा माणूस शिकवून तयार करा.

युनिटच्या आकड्याबद्दल मात्र स्पष्ट बोलतो. आपल्या भागात नीट बसवलेला एक किलोवॉट वर्षाला साधारण 1,400 युनिट देतो. थोडं इकडे, थोडं तिकडे. म्हणजे 100 किलोवॉटचे 1,40,000. भावजींनी 1,60,000 लिहिले. हे 20,000 युनिट कुठून येणार? कुठूनच नाही. शिवाय पॅनेल तापलं की वीज कमी देतं, आणि त्याची क्षमताही पहिल्या वर्षात साधारण दोन टक्के आणि पुढे दरवर्षी अर्धा टक्का उतरते. मालकांनी कर्जाचा हप्ता आणि वीजबिलातली बचत यांचा मेळ तुमच्या आकड्यावर घातला असेल, तर तो आताच त्यांच्यासमोर दुरुस्त करायला हवा. एक वार्षिक आकडा देऊ नका. बारा महिन्यांचा तक्ता द्या. मार्च, एप्रिल, मे भरघोस आणि जुलै, ऑगस्ट पडलेले, हे त्यांना आधी दिसू दे, म्हणजे पहिल्या पावसाळ्यात फोन येणार नाही. आणि हमी द्यायचीच असेल तर किती ऊन पडलं ते मोजून, त्यातून किती वीज केली यावर द्या. ढगांची हमी कोणी देऊ नये.

हे सांगितल्यावर मालक ऑर्डर रद्द करतील, अशी भीती भावजींना वाटेल. शक्यता आहे, नाही म्हणत नाही. पण बारा महिन्यांचा तक्ता आणि जनरेटरचा प्रश्न घेऊन स्वतःहून समोर येणारा ठेकेदार त्यांनी फारसा पाहिलेला नसेल. आणि वर्षअखेरीला 20,000 युनिटची तूट भरून द्यायची वेळ आली तर ती रक्कम तुमच्या नफ्यातूनच जाईल, एका वर्षी नव्हे तर दरवर्षी.

छताकडे वळू. 550 वॉटची 182 पॅनेल लागतील. एकेक साधारण 28 किलोचं, म्हणजे पॅनेलच 5 टनांच्या वर, स्ट्रक्चर वेगळं. उपग्रहाच्या फोटोत पत्रा दिसतो, पत्र्याखालची पर्लिन, म्हणजे पत्र्याला आधार देणारी आडवी पट्टी, दिसत नाही. गंजलेली पर्लिन, छत पेलणाऱ्या दोन कैच्यांमधलं अंतर, पत्रा लोखंडी की सिमेंटचा, हे आत शिरून, वर मान करून बघावं लागतं. स्ट्रक्चरल इंजिनिअरचा दाखला घ्या आणि त्यांना वजनाइतकंच वाऱ्याचं विचारा. वळवाचा वारा पॅनेल खाली दाबत नाही, उचलतो. आणि पत्र्याला पाडलेलं प्रत्येक भोक म्हणजे जूनमध्ये खाली बेदाण्याच्या बॉक्सवर पडू शकणारं पाणी. रबरी वॉशर आणि सीलंटमध्ये एक रुपयाही वाचवू नका. काम संपलं की पाण्याचा फवारा मारून गळतीची चाचणी मालकांच्या स्टोअर मॅनेजरसमोर करा आणि त्यांची सही घ्या.

इथे एक विनंती करतो, तुमच्या वेळापत्रकाशी तिचा संबंध नाही. शेडच्या छतात उजेडासाठी बसवलेले फायबरचे पत्रे असतात. धुळीने माखले की ते बाकीच्या पत्र्यांसारखेच दिसतात, पण माणसाचं वजन पेलत नाहीत. पहिल्या दिवशी सगळ्यात आधी त्यांच्यावर लाल रंगाने फुल्या मारा, चालायला फळ्या टाका, लाइफलाइन (बेल्ट अडकवायचा दोर) बांधा, आणि बेल्ट न लावणाऱ्याला, तो कितीही अनुभवी असो, खाली उतरवा. बंगल्याच्या स्लॅबवर काम केलेल्या पोरांना पत्र्यावर चालायची सवय नसते. पाय पर्लिनच्या रेषेवरच पडला पाहिजे, हे त्यांना करून दाखवावं लागतं. मजुरांचा विमा काढल्याशिवाय शिडी लावू नका.

60 दिवस म्हणजे 16 मार्च. मालकांना हीच तारीख का हवी आहे, हे भावजींनी विचारलं होतं का? माझा अंदाज दोन कारणांचा आहे. सोलरवर आयकरात 40 टक्के घसारा मिळतो. वर्षात 180 दिवसांपेक्षा कमी वापर झाला तर त्याच्या निम्मा. पण तो मिळायला प्लांट 31 मार्चच्या आत प्रत्यक्ष वापरात यावा लागतो. त्यांच्या सीएने हा हिशेब मांडलेला असणार. दुसरं कारण बेदाण्याचं. फेब्रुवारीपासून शेडवर बेदाणा तयार व्हायला लागतो आणि मग स्टोरेज भरत जातं. आत माल असताना मेन पॅनेल दिवसभर बंद ठेवायला कोणी देणार नाही. म्हणजे जोडणीसाठी लागणारा शटडाऊन स्टोरेज रिकामं किंवा अर्धं असतानाच, शक्यतो फेब्रुवारीत, उरकायला हवा. तुमच्या सवयीने तो शेवटच्या आठवड्यात पडतो. इथे तो आधी येऊ द्या: केबल, मेन पॅनेलमधला ब्रेकर, इंटरलॉक आधी, पॅनेल नंतर. शटडाऊनची तारीख आणि तास सोमवारीच ठरवून या.

त्याबरोबर ‘काम पूर्ण’ म्हणजे काय, हेही ठरवा. महावितरणचा अर्ज, त्यांची तांत्रिक तपासणी, विद्युत निरीक्षकांची परवानगी, नेट मीटर (घेतलेली आणि ग्रिडला दिलेली वीज मोजणारं मीटर), यातलं काहीच तुमच्या घड्याळावर चालत नाही. अर्ज उद्याच्या उद्या भरा. बिलावरची करार मागणी (महावितरणशी ठरलेली कमाल वीजमागणी) 100 किलोवॉटला पुरते का, हे त्याआधी बघा. आणि ‘उभारणी आणि चाचणी पूर्ण’ ही एक तारीख, ‘मीटर लागून प्लांट सुरू’ ही दुसरी, अशा दोन तारखा लिहून घ्या. पहिली तुमची जबाबदारी. दुसरीसाठी तुम्ही पाठपुरावा कराल, पण उशिराचा दंड तुमच्यावर नको. 31 मार्च हुकण्याची शक्यता असेल तर ते सीएंना आज कळलेलं बरं, 28 मार्चला नको.

पैशाचं. अटी तुम्ही लिहिल्या नाहीत. बहुतेक ठिकाणी असतात तशा 30 टक्के ॲडव्हान्स, 50 टक्के माल आल्यावर, 20 टक्के प्लांट सुरू झाल्यावर, अशा धरतो. म्हणजे 12 लाख 60 हजार, 21 लाख आणि 8 लाख 40 हजार. या कामात निम्म्याच्या आसपास खर्च पॅनेल आणि इन्व्हर्टरचा असतो आणि नव्या गिऱ्हाइकाला पुरवठादार पूर्ण पैसे घेतल्याशिवाय माल सोडत नाही. ॲडव्हान्स सगळा तिकडे ओतला तरी आठ-दहा लाख कमी पडतील. ते सोनं गहाण ठेवून उभे करू नका. पुरवठादाराचा प्रोफॉर्मा (माल पाठवण्याआधीचं कच्चं बिल) मालकांना दाखवा आणि दुसऱ्या हप्त्यातली तेवढी रक्कम माल निघण्याआधी मागा. हवं तर त्यांनी थेट पुरवठादाराच्या खात्यात भरावी. शेवटच्या 20 टक्क्यांतले निम्मे चाचणी पूर्ण झाल्यावर आणि निम्मे मीटर लागल्यावर. ते 8 लाख 40 हजार बहुधा तुमच्या सगळ्या नफ्यापेक्षा जास्त आहेत, हे ध्यानात असू द्या. ॲडव्हान्ससाठी वेगळं खातं उघडा. या चेकमधून मागच्या कामाची देणी भागवायचा मोह होईल. एकदा ते झालं की हे काम पुढच्या कामाच्या ॲडव्हान्सवर चालतं, आणि त्या चक्रातून बाहेर पडायला वर्षं जातात.

भावजींविषयी. त्यांनी चार मोठ्या कंपन्यांच्या तोंडातून काम आणलं, ते तुमच्या-माझ्याने झालं नसतं. त्यांना आरोपीसारखं बसवू नका. रविवारी त्यांना छताखाली घेऊन जा, पर्लिन दाखवा, जनरेटरशेजारी उभं करा. डोळ्यांनी पाहिलं की माणूस वाद घालत नाही. सोमवारी मालकांशी बोलायचं त्यांनीच, कारण शब्द त्यांनी दिलाय आणि मालकांचा विश्वास त्यांच्यावर आहे. तांत्रिक प्रश्न आला की उत्तर तुम्ही द्यायचं. यापुढे साइटबद्दल कोणताही नवा शब्द द्यायचा तर आधी तुम्हाला विचारून, एवढं त्यांच्याकडून कबूल करून घ्या. ‘जाता जाता गोडाऊनला एक केबल ओढून द्या’ असं मालक म्हणतील तेव्हा हेच कामी येईल. हो म्हणा, पण त्याच संध्याकाळी खर्चाचा आणि दिवसांचा आकडा लिहून पाठवा, आणि त्यांचं ‘चालेल’ आल्यावरच केबल आणा.

बाकी रोजचं काम तुम्हाला येतंच. एक वही साइटवर ठेवा: आज कोण आलं, काय झालं, काय अडलं. दर शनिवारी मालकांना आणि त्यांच्या स्टोअर मॅनेजरला चार ओळी आणि दोन फोटो पाठवा, काम पुढे सरकलं नसेल त्या शनिवारीसुद्धा. मॅनेजरला वगळू नका. प्रपोजल त्यांनी वाचलेलं नाही, पण पुढची पंचवीस वर्षं तो प्लांट त्यांच्या डोक्यावर असणार आहे, आणि मालक तुमच्याबद्दल त्यांनाच विचारतील.

रविवारी निघताना टेप, टॉर्च आणि वीजबिलाची प्रत बरोबर घ्या. जनरेटरच्या नेमप्लेटचा फोटो काढा, त्यावरचा केव्हीए (क्षमतेचा आकडा) आणि कंट्रोलरचा मॉडेल नंबर वाचता येईल असा. तुमच्या इन्व्हर्टरच्या कंपनीला तो रविवारीच पाठवा, म्हणजे सोमवारी मालकांनी ‘मग डिझेल वाचेल की नाही?’ असं विचारलं तर तुमच्याकडे खरं उत्तर असेल.